जेवण वेळेवर घ्या

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, इन्शुलिनच्या दोन सिरिंज ठेवलेल्या आहेत. एकीची टोपी लाल, दुसरीची केशरी. लाल टोपीची रोजच्या वापरातली. केशरी टोपीची मी दोन वर्षांपूर्वी वापरायची सोडली, पण ती अजून टाकवत नाही. मुलगी विचारते, "आई, ही कशाला ठेवलीस?" मी म्हणते, असू दे, पुरावा आहे.

मी एसटीत कंडक्टर आहे. चौदा वर्षं झाली. सध्या कराड–चिपळूण गाडीवर आहे. पहाटे साडेपाचला आगारात हजर, सहाला गाडी सुटते. पाटण, कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी, आणि सव्वानवाच्या आसपास चिपळूण. दहाला परत. कराडला यायला सव्वा वाजतो, मग हिशोब, भरणा, आणि घरी पोचेपर्यंत पावणेतीन. हे वेळापत्रक आत्ताच सांगून ठेवते. गेल्या तीन-चार वर्षांत ते मी किती डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला, आणि कितींनी ऐकलं, याचीच ही गोष्ट आहे.

माझ्या शुगरची सुरुवात खरं तर २०१५ सालची. मुलीच्या वेळेला सातव्या महिन्यात दवाखान्यात ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तासांनी रक्त घेतलं आणि म्हणाले, शुगर आहे. शेवटचे दोन महिने इन्शुलिन घेतलं. गल्लीतल्या एक नर्सताई सकाळ-संध्याकाळ घरी येऊन टोचून जायच्या, त्यामुळे मला सुई धरायची वेळच आली नाही. बाळंतपण झालं, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, नॉर्मल. डॉक्टर हसत म्हणाले, "गेली तुमची शुगर बाळाबरोबर. आता बिनधास्त डिंकाचे लाडू खा."

मी खाल्ले. डिस्चार्ज कार्डावर लसींच्या तारखा होत्या, टाके कधी काढायचे ते होतं, शुगरबद्दल एक अक्षर नव्हतं. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईची सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पाजून तपासणी करायची असते, हे सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. पुढंही दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं असतं, कारण अशा बाईला नंतर मधुमेह होण्याचा धोका बाकीच्या बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. हे मला कळलं सात-आठ वर्षांनी, मोबाईलवर वाचून. तोवर ते कार्ड उंदरांनी खाल्लं होतं.

२०२२च्या पावसाळ्यात त्रास सुरू झाला. तहान लागायची. पाणी प्यावं तर लघवीला लागायची. गाडीवरच्या बाईला लघवीला लागणं म्हणजे काय, हे गाडीवरच्या बाईलाच माहीत. ड्रायव्हर-कंडक्टरपैकी पुरुष माणूस कुठंही आडोशाला जाऊन येतो. आम्ही स्टॅंडवरच्या स्वच्छतागृहाची वाट बघायची, आणि ते उघडं असलं तरी आत जाण्यासारखं असेल याची खात्री नाही. म्हणून आम्हा बायकांची जुनी सवय: पाणीच कमी प्यायचं. मी तेच केलं. घसा कोरडा पडायचा, जीभ टाळूला चिकटायची, "पुढं सरका" म्हणताना शब्द फुटायचा नाही. वजन उतरलं. आगारातल्या बायका म्हणाल्या, काय डाएट करतेस का गं?

त्याच काळात खाजेचा त्रास सुरू झाला. कुठल्या जागी ते बायकांना कळेल. तीन वेळा दवाखान्यात गेले, तीन वेळा ट्यूब मिळाली. एकदा गोळीही. तिसऱ्या वेळी डॉक्टरबाई जराशा वैतागून म्हणाल्या, स्वच्छता पाळत जा. मी शरमेनं घरी आले आणि कपडे डेटॉलमध्ये भिजत घातले. वारंवार होणारी ती खाज शुगर वाढल्याची खूण असू शकते, बोटातून एक थेंब रक्त घेतलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण मी बारीक, चाळिशीच्या आतली. माझ्याकडे बघून कुणाच्या डोक्यात शुगर येत नव्हती.

शुगर सापडली ती बसस्टॅंडवर. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो, आणि इन्शुलिन शोधणाऱ्या बॅंटिंग यांचा जन्मदिवस म्हणून जागतिक मधुमेह दिनही. स्टॅंडवर मांडव टाकून मोफत तपासणी चालू होती. तिकिटाचं मशीन, पावती, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, सगळं हातात घेऊन मी रांगेत उभी राहिले, निव्वळ फुकट आहे म्हणून. आकडा आला ३८८. तपासणाऱ्या पोरानं विचारलं, "काही खाल्लंय का?" म्हटलं, सकाळी भाकरी खाल्ली. "मग ठीक आहे, पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या," असं म्हणून त्यानं कागदाच्या कपट्यावर आकडा लिहून दिला. तो कपटा आमच्या तिकिटापेक्षा मोठा नव्हता. मागे तीस लोक उभे होते. ३८८ म्हणजे किती वाईट, तेही मला विचारता आलं नाही.

माझा नवरा साखर कारखान्यात आहे. आगारात आठवडाभर विनोद चालला: नवरा पोत्यानं साखर काढतो, बायको रक्तात साठवते. हसले मीही.

शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नाव लावलं. सहाशे रुपये फी. अडीच तास बसल्यावर आत गेले. आम्हाला घड्याळाची सवय असते, त्यामुळे मी बघून ठेवलं: दार उघडल्यापासून दार लागेपर्यंत चार मिनिटं. त्यातली पहिली दीड मिनिटं ते संगणकाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही तर बारीक आहात, तुम्हाला कशी काय?" जणू काही मीच सांगायचं होतं.

याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे, हे मला नंतर समजलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या एका डॉक्टरमित्राबरोबर स्वतःचाच फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली माणसं वरून बारीक दिसतात, चरबी आत असते. तो फोटो बघितला आणि वाटलं, हा प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावायला हवा. निदान "तुम्हाला कशी काय" असं रोग्यालाच कुणी विचारणार नाही.

गोळ्या मिळाल्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. सोबत एक झेरॉक्स. त्या झेरॉक्सची झेरॉक्स इतक्या वेळा काढलेली, की 'कारले' या शब्दातला काना गेलेला. सकाळी सातला ओट्स. अकराला एक फळ, केळं-चिकू-आंबा सोडून. दुपारी एकला दोन फुलके, वाटीभर उसळ, कोशिंबीर. चारला ताक. संध्याकाळी पाऊण तास भरभर चालणे. आणि तळाशी ठळक: जेवण वेळेवर घ्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी कंडक्टर आहे, माझं एकला जेवण..." ते म्हणाले, "तब्येत महत्त्वाची की नोकरी?" आणि घंटी वाजवली. आमच्याकडं एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. त्यांच्याकडं एकीतच माणूस उतरतो.

मी डॉक्टरांना सरसकट नावं ठेवत नाही. आपल्या देशात दहा कोटींच्या वर मधुमेही आहेत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीतला तो आकडा आहे. एकेका डॉक्टरापुढं दिवसाला ऐंशी-नव्वद माणसं. गर्दी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तेवढ्या गर्दीत मीही कुणाची ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. पण एक गोष्ट प्रत्येकाला विचारते, उभ्याला, बसलेल्याला, म्हाताऱ्याला, पोराला: "कुठं?" कुठं जायचंय हे विचारल्याशिवाय तिकीट देता येत नाही. मला मात्र ते न विचारता चार मिनिटांत तिकीट हातात मिळत होतं, आणि तेही दर वेळी त्याच गावाचं.

त्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. चिपळूणहून परतताना पोफळी सोडलं, गाडी घाटाला लागली. सव्वाअकरा झाले असतील. सकाळची भाकरी साडेपाचची. चिपळूणला चहा घेतला होता, बिनसाखरेचा, कारण आता मी शहाणी झाले होते. घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर हाताला कापरं भरलं. वाटलं, गरमीनं असेल. मग घाम. कपाळावरून, मानेवरून, ब्लाऊज भिजला. मशीनवरची अक्षरं पुढंमागं व्हायला लागली. एका बाईनं शंभराची नोट दिली आणि मी तिला साडेचारशे परत दिले. ती भली, म्हणाली, "अहो ताई, मी शंभरच दिले." मला तिचा रागच आला. इतका, की मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

मागच्या सीटवर एक आजी होत्या, मांडीवर कंदी पेढ्यांचा खोका. चिपळूणला लेकीकडं कुणी आणून दिलेले, त्यातलेच नातवाला परत घेऊन चालल्या होत्या. त्या उठल्या, माझ्या दंडाला धरून मला बसवलं आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांना असंच व्हायचं. आ कर." एक पेढा, मग दुसरा. दहा-पंधरा मिनिटांनी घाट दिसायला लागला. गाडीत सगळे माझ्याकडं बघत होते, आणि आजी खोका बांधत शेजारणीला सांगत होत्या, हिची साखर उतरली होती.

साखर उतरते, हे मला तेव्हा कळलं. सहा महिने गोळ्या खात होते. शुगर वाढली तर डोळे जातात, किडनी जाते, पाय जातो हे सगळ्यांनी सांगितलं होतं. ती खाली येऊन माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडू शकतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो नसो, ती तिचं काम करत राहते. सत्तरच्या खाली आकडा गेला की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच तोंडात टाकायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. दोन ओळींची माहिती. त्या झेरॉक्सवर ओट्सच्या जागी ही लिहिली असती तरी चाललं असतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, जेवण वेळेवर घ्या."

खर्च झेपेना म्हणून मध्ये सरकारी रुग्णालयात जायला लागले. तिथं शुगरचा वार मंगळवार. गोळ्या फुकट, पण एका वेळी पंधराच दिवसांच्या, आणि एखादी नसली की "बाहेरून घ्या". दर पंधरा दिवसांनी मंगळवारची ड्युटी बदलून मागायची म्हणजे कुणाच्या तरी पाया पडायचं. तीन-चार वेळा गेले, मग सोडलं. पुढं कुणी विचारलं असेल तर कागदावर 'रुग्ण आला नाही' अशी नोंद असणार. खरंच आहे, नाहीच आला.

त्या वर्षाच्या शेवटी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती आली १०.८. पुन्हा मोठे डॉक्टर. "आता इन्शुलिन." घरी सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "आत्या, रडू नका, मुलीच्या वेळेला घेतलंच होतं की." पण त्यांच्या हिशोबात इन्शुलिन म्हणजे शेवटचा थांबा. जांभळाच्या बियांची पूड त्यांनी तरीही चालूच ठेवली, माझ्या ताकात, मला न सांगता.

दवाखान्यातल्या मुलीनं एकदा हवेत करून दाखवलं: "असं ओढायचं, असं पोटात द्यायचं. चौदा युनिट सकाळी, आठ संध्याकाळी." झालं माझं प्रशिक्षण. औषधाच्या दुकानातून बाटली आणि सिरिंजचं पाकीट घेतलं. केशरी टोप्यांचं.

पहिल्यांदा सुई टोचली त्या पहाटे चार चाळीसला मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. एका हातात पोटाची चिमूट, दुसऱ्यात सिरिंज, आणि गॅसवर तवा तापतोय. पाच मिनिटं तशीच. शेवटी भाकरी करपल्याचा वास आला आणि त्या घाईत टोचून टाकली.

एक महिना झाला, आकडा हलेना. उपाशीपोटी दोनशे तीस, दोनशे साठ. डॉक्टरांनी चौदाचे वीस केले. पुन्हा पंधरा दिवसांनी विसाचे सव्वीस. प्रत्येक वेळी एकच संशय: "गोड खाताय." "नाही डॉक्टर." "मग भात?" कोकणात जाणाऱ्या गाडीवरची बाई, कधीतरी भात खाल्लाच असेल. मान खाली घातली. ही मान खाली घालायची सवय फार वाईट लागते. वर्षभरात मला दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच चोरी केल्यासारखं वाटायला लागलं होतं. साखर मोजायची पट्टी एक वीसेक रुपयांची. आकडा चांगला येणार नाही असं वाटलं की मी ती वाचवायची. पैशांसाठी वाचवते असं स्वतःला सांगायची.

मग एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सहज बाटली हातात घेतली आणि वाचली. रोज वेबिलचे आकडे जुळवणाऱ्या माणसाचा डोळा आकड्यावरच जातो. बाटलीवर लिहिलं होतं: एका मिलीत ४० युनिट. सिरिंजवर लिहिलं होतं: एका मिलीत १००. मी पुन्हा वाचलं. मग भाजीच्या हिशोबाच्या वहीत मांडणी केली.

सिरिंजवरची सव्वीसची रेघ म्हणजे ०.२६ मिली. बाटलीत मिलीला चाळीस. ०.२६ गुणिले ४०, १०.४. म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबानं मी सव्वीस घेत होते आणि अंगात जात होते साडेदहा सुद्धा नाहीत. आधी चौदा म्हणत होते तेव्हा सहाच्या आतच. सात आठवडे मी खोटं तिकीट फाडत होते, आणि गोड खाल्ल्याची कबुली मात्र माझ्याकडून मागितली जात होती.

आपल्याकडं बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक चाळीसचं मिळतं, पेनमध्ये शंभरचं. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लागते. केशरी टोपीची असते शंभरची. दुकानदारानं दोन्ही वस्तू एकाच पिशवीत घालून दिल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं 'सिरिंज' लिहिलेलं. आणि सात आठवड्यांत "तुम्ही कशानं घेता ते दाखवा बघू," असं कुणी म्हटलं नाही. उलटं झालं असतं, म्हणजे शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजनं घेतलं असतं, तर अडीचपट डोस अंगात जाऊन मी हे लिहायला उरले नसते.

लगेच पळत जाऊन लाल टोपीचं पाकीट आणलं. आणि ते हातात धरल्यावर पोटात गोळा आला. आता किती घ्यायचं? चिठ्ठीवर सव्वीस लिहिलंय. लाल टोपीनं सव्वीस घेतले तर आजवर जात होतं त्याच्या अडीचपट जाणार, आणि उद्या सव्वाअकराला मी घाटात. दवाखान्यात फोन लावला. रविवार. दुसऱ्या दिवशी चिपळूण स्टॅंडवरून पुन्हा लावला. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "डॉक्टर फोनवर बोलत नाहीत. गुरुवारचा नंबर देऊ?" मी म्हटलं, "एवढंच विचारायचंय, सव्वीस घेऊ की दहा?" ती म्हणाली, "चिठ्ठीवर आहे तेवढं घ्या."

मी दहा घेतले. गुरुवारपर्यंत स्वतःच्या वहीतल्या हिशोबावर दहा. असं स्वतःच्या मनानं करू नये, हे मलाही कळतं. ऐकून घेणारं कुणी असतं तर केलंही नसतं. गुरुवारी दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी बघितल्या, क्षणभर गप्प झाले, आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी. आता बारा घ्या, हळूहळू वाढवू." गोड खाल्ल्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. माफीचाही नाही. सहाशे रुपये मात्र घेतले.

खरं शिक्षण मला एका पंधरा वर्षांच्या पोरीनं दिलं. आमच्याच आगारातल्या एका ड्रायव्हरची मुलगी, सहा वर्षांची असल्यापासून इन्शुलिनवर. तिच्या बापानं माझी हकिगत ऐकली आणि म्हणाला, घरी या, पोरगी सांगेल. गेले. दहावीची पुस्तकं बाजूला सारून तिनं माझी बाटली मागितली. "मावशी, ही दुधाळ आहे ना, ही आधी दोन तळव्यांत फिरवायची. अशी. हलवायची नाही, फेस होतो. किती दिवस नुसतीच ओढताय?" दोन महिने. "मग कधी पाणीच गेलं असेल, कधी नुसता गाळ." मग म्हणाली, पोट दाखवा. मी बापासमोर कशी दाखवणार, तर तिनं बापाला बाहेर काढलं. बेंबीच्या उजवीकडं बोटानं दाबत म्हणाली, "हे बघा, गाठ झालीय. रोज एकाच जागी टोचता. गाठीत औषध नीट मुरत नाही. जागा बदलायची, घड्याळासारखी." आमच्याकडं वीज जाते म्हटल्यावर तिनं मातीची छोटी सुगडं दाखवली, एकात एक ठेवलेली, मधे ओली वाळू. बर्फाला बाटली लागू द्यायची नाही, गोठलं की औषध गेलं. निघताना एक पुडी हातात दिली, ग्लुकोजची. "सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात ठेवा मावशी. तिथं हात आपोआप जातो."

अजून तिथंच असते. नाण्यांना कधीकधी ग्लुकोज लागलेलं असतं. पॅसेंजरला काय वाटत असेल कोण जाणे.

२०२४च्या पावसाळ्यात मी पुन्हा सरकारी रुग्णालयात गेले, कारण पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या आणि दर वेळी सहाशे द्यायचा कंटाळा आला होता. तिथं एक नवीन डॉक्टर होती. बंधपत्रावरची, एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचं वर्ष भरायला आलेली, फार तर पंचवीसची. केस क्लिपमध्ये कसेबसे कोंबलेले. बाहेर रांग होतीच. तिनं माझ्या गणवेशाकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ड्युटी किती वाजता असते?"

मी सांगितलं. तिनं केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला रेघ ओढली. चार चाळीस, इंजेक्शन. साडेपाच, भाकरी. सव्वानऊ, चिपळूण. सव्वाअकरा, घाट. पावणेतीन, घर. मग पेनाचं टोक घाटावर ठेवून म्हणाली, "तुमच्या या मिक्स इन्शुलिनचा दुसरा भाग हळू चालतो. सकाळी घेतलेला तो नेमका इथं जोर धरतो. आणि जेवण तुम्हाला इथं मिळतं." घाट आणि घर यांच्यामधलं अंतर तिनं दोनदा गिरवलं. "यात तुमची काय चूक?"

मला रडू आलं. गणवेशात, सगळ्यांसमोर. ती गोंधळली आणि पाण्याची बाटली पुढं केली.

तिनं ग्लिमेपिराइड बंद केली, सकाळचा डोस उतरवला, रात्रीचा वेगळा दिला. किती ते लिहीत नाही, ज्याचं त्याचं वेगळं असतं. चिपळूणला स्टॅंडवर निम्मी भाकरी आणि उसळ खायची, हेळवाकला मूठभर फुटाणे. मग म्हणाली, बूट काढा. शुगर निघून दीड वर्षं होऊन गेलं होतं, बूट काढा असं म्हणणारी ती पहिली. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवत ती विचारत गेली, लागतंय? लागतंय? डाव्या अंगठ्याला टेकवला तेव्हा मला कळलंच नाही. डोळ्यांचा पडदा तपासायला चिठ्ठी दिली, लघवीतल्या प्रथिनांची दिली. सहा महिन्यांनी माझी सरासरी ७.४ होती. तिनं तो कागद शेजारच्या सिस्टरना दाखवला, आणि मला म्हणाली, "भात खाताय ना? खा. थोडा."

तिचं बंधपत्र संपलं आणि ती पुढं शिकायला गेली. एका मंगळवारी गेले तर खुर्चीत दुसरे होते. तेही तरुणच, चेहऱ्यानं दमलेले. तिनं रेघ ओढलेला तो केसपेपर रुग्णालयाच्या कपाटात सापडला नाही, नवीन काढावा लागला. आता माझ्याकडं त्याचा मोबाईलवर फोटो आहे. तो मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितला. वाईट माणूस नव्हे, नीट बघितला, दोन बोटांनी मोठा करून. मग आधीचीच औषधं पंधरा दिवसांसाठी लिहिली आणि खाली एक ओळ टाकली: दुपारी १ वाजता जेवण.

एक वाजता मी मल्हारपेठच्या पुढं असते. दार लावलेलं, गाडीत सत्तर माणसं. तिथं जेवण होणार नाही हे माझ्या ड्रायव्हरला न सांगता कळतं. वेळापत्रकात कुठंही नसलेली दोन मिनिटं तो हेळवाकला टपरीसमोर गाडी उभी करतो, खाली उतरतो, टायरला उगीच एक लाथ मारतो, आणि मी फुटाणे संपवून दोन घंट्या दिल्या की चढतो.

पुढचा मंगळवार तेरा तारखेला आहे. ड्युटी अजून बदलून मिळालेली नाही.